अंतर देणं

तो मला पहिले सात महिने ‘तुम्ही’ म्हणत होता.

भाषांतराच्या एका कार्यशाळेत आमची ओळख झाली. मी बोलायला गेलो होतो, तो ऐकायला आला होता, आणि शेवटी उभं राहून त्याने माझ्या एका वाक्यातली चूक दाखवली. चूक खरी होती. तेव्हा तो २५ वर्षांचा होता आणि मी ४७. पुढे भेटी वाढल्या, मग भेटायला कारण लागेनासं झालं, तरी ‘तुम्ही’ काही सुटेना. हात हातात असायचा आणि वाक्यात ‘तुम्ही’. ज्या भाषांत सगळ्यांना मिळून एकच सर्वनाम पुरतं, त्या भाषांत प्रेम करणाऱ्यांना या अडचणीची कल्पना यायची नाही. “मला तू म्हण” असं मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती वडीलधाऱ्याने दिलेली परवानगी झाली असती, आणि परवानगीने आलेला ‘तू’ मला नको होता. एका रात्री जिना उतरताना माझा पाय घसरला आणि तो मागून ओरडला, “अरे, बघ ना नीट!” झालं. त्यानंतर ‘तुम्ही’ परत आलं नाही. म्हणजे एकदा आलं. ते पुढे सांगतो.

आमच्यात २२ वर्षांचं अंतर आहे. मला हिशोब करत बसायची वाईट खोड. तो चाळीस वर्षांचा होईल तेव्हा मी ६२. तो माझ्या आजच्या वयाला पोचेल तेव्हा मी ७५, असलोच तर. हे हिशोब मी मनातल्या मनात करतो अशी माझी समजूत होती. तेव्हा माझे ओठ हलतात, हे त्याने सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं.

वयातलं अंतर म्हटलं की लोकांना आधी केस दिसतात, मग सुरकुत्या. मलाही तेच दिसायचं. पण दोन पुरुषांच्या बाबतीत खरं अंतर, मला वाटतं, कोण कुठल्या साली सज्ञान झाला यात असतं. मी १९९० च्या फेब्रुवारीत अठरा वर्षांचा झालो. त्याच वर्षी १७ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने आजारांची नवी यादी मंजूर केली आणि त्या यादीत समलैंगिकता हा आजार उरला नाही. म्हणजे सज्ञान झाल्यावरचे पहिले तीन महिने मी रीतसर रुग्ण होतो. ती यादी देशोदेशी वापरात यायला लागली १९९४ पासून, आणि हा जन्मला १९९४ साली. तो बरा होऊनच जन्माला आला, असं मी त्याला चिडवायचो. तो हसायचा, पण जरा उशिराने. दुसऱ्याच्या घरातला जुना विनोद पाहुण्याला समजावून घ्यावा लागतो, तसा.

मी नऊ वर्षांचा असताना, जून १९८१ मध्ये, एका नव्या रोगाची पहिली वैद्यकीय नोंद छापली गेली. त्या रोगाला पुढे एड्स म्हणू लागले. मला माझ्याबद्दल कळायला लागलं ते नेमकं त्या भीतीच्या भर दिवसांत. स्पर्श काय असतो हे कळायच्या आधी स्पर्शाने काय होतं ते कळलं. माझा एक मित्र १९९५ च्या डिसेंबरात गेला. तीन औषधं एकत्र देण्याचा जो उपचार माणसं वाचवू लागला, तो पसरला १९९६ मध्ये. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण सांगताना माझा आवाज बदलतो आणि मग समोरच्याला काय बोलावं ते सुचत नाही. यालाही सुचलं नाही. तो अठरा वर्षांचा झाला त्याच वर्षी, २०१२ मध्ये, तो विषाणू होऊच नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याच्या लेखी ही काळजी होती, गोळी घेऊन मिटणारी. माझ्या लेखी तो मित्राचा शेवटचा पलंग होता. आम्ही एकाच चादरीत झोपायचो आणि मध्ये ही सगळी सालं पडलेली असायची.

२०२२ च्या सप्टेंबरात तो गेला. युरोपातल्या एका विद्यापीठात संशोधनाचं काम, तीन वर्षांचा करार. हे पत्र आलं तेव्हा त्याने काही ठरवायच्या आत मी म्हणालो, “जायलाच हवं तुला.” किती पटकन म्हणालो! तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

त्याचं शहर माझ्या घड्याळाच्या साडेचार तास मागे. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे सरकतात आणि अंतर साडेतीन तासांवर येतं. काहीही न करता तो एका तासाने जवळ येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो तास परत जातो. बाकीच्यांना हे लक्षातही राहत नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवतो. त्याची संध्याकाळ माझी रात्र असते. त्याला बोलायचा हुरूप येतो तेव्हा मी चष्मा काढून डोळे चोळत असतो. सुरुवातीला तो दिवसभराचं सांगायचा, मी ऐकायचो. हळूहळू माझ्याकडे सांगण्यासारखं कमी पडू लागलं. माझे दिवस एकसारखे. त्याच्या दिवसात रोज एखादं नवीन नाव. ती नावं मी लक्षात ठेवायला लागलो. हे काही बरं लक्षण नव्हतं.

व्हिडिओ कॉलबद्दल मला वेगळंच म्हणायचंय. पडद्यावर समोरचा माणूस मोठा दिसतो आणि कोपऱ्यातल्या चौकोनात आपण. तो लहानसा चौकोन माझा वैरी झाला. आरशात आपण समोरून, दाढीपुरतं बघतो. फोन मांडीवर किंवा टेबलावर असतो, खालून बघतो. हनुवटीखाली लोंबणारी कातडी, बोलताना ताणल्या जाणाऱ्या मानेच्या शिरा, चष्म्याच्या काचेत चमकणारा दिवा आणि त्यामागे न दिसणारे डोळे. मी फोनखाली पुस्तकं रचली. दिवा उजवीकडून डावीकडे नेला. मान थोडी वर धरून बोलायला लागलो, फोटो काढून घेणाऱ्यासारखी. तो एकदा काहीतरी महत्त्वाचं सांगत होता, त्याच्या प्रयोगाचे निकाल चुकले होते आणि आठ महिन्यांचं काम वाया गेलं होतं. मध्येच तो थांबला.

“तू माझ्याकडे बघतच नाहीयेस.”

“बघतोय की.”

“नाही. तू कोपऱ्यात बघतोयस. स्वतःकडे.”

मी काय बोलणार? खरं होतं. चार हजार मैलांवर एक माणूस रडकुंडीला आला होता आणि मी माझी मान तपासत होतो. तो चौकोन लपवायची सोय असते, हेही त्यानेच सांगितलं. ती मी लगेच वापरली नाही. स्वतःवर नजर ठेवायची सवय लागली की ती जबाबदारी वाटायला लागते.

मग एक फोटो आला. विद्यापीठाच्या पायऱ्यांवर बसलेली सातआठ जणं, सगळी तिशीच्या अलीकडची, ऊन चेहऱ्यावर घेतलेली. त्याच्या खांद्यावर एक हात होता. मी दोन बोटांनी फोटो मोठा करत करत त्या हातापर्यंत गेलो. हात एका मुलाचा होता. मनगटावर दोरा, नखं आखूड. इतका मोठा केला की शेवटी हाताचे नुसते चौकोनी ठिपके उरले. मत्सर म्हणावा तर तो तेवढा सरळ नव्हता. मत्सरात निदान ‘हा माझा आहे’ हे ठाम असतं. मला वाटलं, हे बरोबर दिसतंय. हा हात तिथेच असायला हवा. चुकीचा मी आहे.

त्या रात्री मी पत्र लिहायला घेतलं. ई-मेलच होती, पण तिच्यात परिच्छेद होते म्हणून मी तिला पत्र म्हणतो. तीन दिवस लिहीत होतो. तुझं वय आहे, तिथे तुझ्या वयाची माणसं आहेत, माझ्यापायी अडकून पडू नकोस, पुढे माझं आजारपण तुझ्या गळ्यात नको, मी तुला मोकळं करतो आहे आणि माझ्या मनात कसलाही राग नाही. चांगलं उतरलं होतं. पाठवायच्या आधी मी दोन स्वल्पविराम बदलले आणि ‘मोकळीक’चा एक ऱ्हस्व-दीर्घ तपासला. जो माणूस काळीज फाटतंय असं लिहितो आणि वेलांट्या तपासतो, त्याचं काळीज नक्की कुठे असतं, हे मला तेव्हाच स्वतःला विचारता आलं असतं.

दोन दिवस काही नाही. मग तीन ओळी.

“पत्र मिळालं. तुम्ही ठरवलंच आहे तर मी काय बोलणार. एवढंच सांगतो की अंतर आधीपासून होतंच. दिलंत ते तुम्ही.”

आधी मला फक्त ‘तुम्ही’ दिसलं. थोबाडीत बसावी तसं. जिन्यावरच्या त्या ओरडण्याआधीच्या सगळ्या पायऱ्या मी एका सर्वनामात मागे चढून गेलो होतो. मग दुसरं वाक्य दिसलं. वयात असतं ते अंतर, गावांमध्ये असतं ते अंतर, मनाच्या आतलंही अंतरच. हे सगळं माणसाला असतं, नशिबाने किंवा नकाशाने. पण ‘अंतर देणं’ ही कृती आहे. ती कुणीतरी करावी लागते. जवळच्या माणसाला ऐन वेळी सोडणं, दूर लोटणं. “मला अंतर देऊ नकोस” असं आपल्याकडे देवालाही म्हणतात आणि नवऱ्यालाही. मी आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं आणि माझा शब्द मला त्याने उलगडून दाखवला. मी ज्याला त्याग म्हणत होतो त्याला मराठीत आधीपासून दुसरं नाव होतं.

त्यानंतरचे अकरा दिवस आम्ही कामापुरतं बोललो. माझ्या विम्याच्या कागदावर त्याचं नाव होतं, त्याबद्दल एकदा. त्याच दिवसांत मी एका कामासाठी अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या आयुष्याबद्दल वाचत होतो. मित्रमंडळी मला धीर द्यायला नेहमी लेखक ख्रिस्तोफर इशरवूड आणि त्याचा चित्रकार जोडीदार डॉन बखार्डी यांचं उदाहरण देत: तीस वर्षांचं अंतर, तरी १९५३ पासून इशरवूड १९८६ मध्ये गेला तोवर सोबत. ते उदाहरण मला कधी मानवलं नाही. भेटले तेव्हा धाकटा १८ चा होता, हे वाचून मी अजूनही चुळबुळतो. आणि यशस्वी माणसांच्या दाखल्याने कुणाचा धीर वाढत नाही, उलट आपलीच उणीव मोजायला पट्टी मिळते. व्हिटमनचं मात्र वेगळं निघालं. त्याची फजिती माझ्या ओळखीची होती.

व्हिटमन १८१९ चा, पीटर डॉयल १८४३ चा. म्हणजे चोवीस वर्षं, आमच्याहून दोन जास्तच. डॉयल वॉशिंग्टनमध्ये घोड्यांच्या ट्रामवर कंडक्टर होता. १८६५ मधल्या एका वादळी रात्री ट्राममध्ये एकटाच उतारू होता, खांद्यावर घोंगडी घेतलेला व्हिटमन. डॉयल त्याच्याजवळ जाऊन बसला आणि त्या रात्री व्हिटमन आपल्या मुक्कामी उतरलाच नाही, ट्रामबरोबर फिरत राहिला. पुढे पाच वर्षांनी, १८७० च्या जुलैत, याच व्हिटमनने आपल्या वहीत स्वतःला दटावलं आहे: हा ज्वर, हे मागे मागे लागणं निरर्थक आहे, अशोभनीय आहे, आजपासून सोडून दे. नाव लिहायची हिंमत नाही म्हणून त्याने ते आकड्यांत लिहिलं, १६ आणि ४. इंग्रजी मुळाक्षरांत पी सोळावं आणि डी चौथं. आणि ‘त्याच्या’ मागे लागणं असं लिहिलेलं खोडून त्यावर ‘तिच्या’ केलं. हजारो लोकांना आपल्या देहाचा अभिमान बाळगायला शिकवणारा हा माणूस आपल्या बंद वहीत एक सर्वनाम खोडत बसला होता. सर्वनामांची दुखणी माझ्या एकट्याची नव्हती तर.

पण मी खुर्चीतून उठलो ते पुढच्या तारखेला. ३० जुलैला, म्हणजे त्याच महिन्यात, दुसऱ्या गावाहून व्हिटमन डॉयलला पत्र लिहितो. निघायच्या आदल्या घटकांत दोघं रस्त्याच्या एका कोपऱ्यावर तासभर थांबले होते. त्या तासाविषयी व्हिटमन कळवतो की माझ्या असण्याचं तुला एवढं मोल आहे, मी जाण्याने तू एवढा खचशील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी मूर्खासारखा समजत होतो की जे काही आहे ते सगळं माझ्याच बाजूने आहे.

एकाच महिन्यात. बाजूच्या खोलीत तो असता तर मी हे वाचून दाखवायला धावलो असतो. मी फोन लावला. त्याच्याकडे दुपार होती, मागे कुणीतरी यंत्र चालवत होतं. मी घाईघाईने सगळं सांगितलं, वही, आकडे, खोडलेलं सर्वनाम.

तो शांतपणे म्हणाला, “मला कवी नका सांगू. तुम्हाला काय म्हणायचंय ते सांगा.”

मला काय म्हणायचंय ते मी सांगितलं. ते इथे लिहीत नाही. त्यात परिच्छेद नव्हते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी तिकडे गेलो. बाहेर पडण्याच्या दारापाशी तो उभा होता, बारीक झालेला. मला बघून म्हणाला, “किती वेळ लावलास.” माझं विमान वेळेवर होतं.

त्याच्या खोलीत एकच खुर्ची होती, त्यामुळे दोघांपैकी एकजण कायम पलंगावर. दुसऱ्या दिवशी घरमालकीण आली. ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, त्यातला ‘वडील’ एवढा शब्द मला कळला. तो शब्द मला कुठल्याही भाषेत कळतो. तो तिला काहीतरी म्हणाला, छोटं वाक्य. मी तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघायला श्वास धरला. काही उमटलं नाही. ती गळक्या नळाकडे वळली आणि तो कधीपासून गळतोय म्हणून त्याला झापायला लागली. या एका क्षणाच्या भीतीने मी कित्येक वर्षं त्याच्यासोबत चालताना अर्धं पाऊल मागे राहत आलो होतो.

खरं बोलणं झालं ते त्याच रात्री, अंधारात. कॉलवर हेच जमत नाही. अंधार करून दोघांनी गप्प पडून राहायची सोय तिथे नसते. खूप वेळाने तो म्हणाला, “तुला एक सांगू? तुझ्या बाबतीत सगळं मोठं माझ्या आधीच घडून गेलंय. तो मित्र, ती भीती, ती पहिली माणसं. तू त्यांच्याबद्दल बोलतोस तेव्हा तुझा आवाज बदलतो. माझ्याबद्दल बोलताना तो कधी बदलेल का, असं वाटतं. मला वाटतं मी पुस्तकाच्या शेवटी जोडलेलं परिशिष्ट आहे. वाचलं तरी चालतं, नाही वाचलं तरी.”

मी काही बोललो नाही.

“आणि मग तू पत्र पाठवतोस, मोकळं करतो म्हणून. मी काय समजू? की बघ, याला माझ्याशिवाय जमतंय.”

त्या खोलीच्या छताला एक तडा होता. रस्त्यावरून गाडी गेली की उजेड त्या तड्यावरून सरकायचा. मी तो बघत होतो आणि मला लाज वाटत होती. शंका घेण्याची मक्तेदारी माझ्याकडे आहे असं मी धरून चाललो होतो. वय माझं जास्त, म्हणून भीती माझी, गमावण्याचा धोका माझा, समजूतदारपणा माझा. त्याच्याकडे फक्त तारुण्य. तारुण्य असलेल्या माणसाला आणखी काय लागतं! त्याचं भलं कशात आहे हे त्याला न विचारता मी ठरवलं होतं, दोनदा: एकदा ‘जायलाच हवं’ म्हणताना आणि एकदा पत्रात. बावीस वर्षांनी मोठा असण्याचा खरा माज मी तिथे केला होता, आणि वर स्वतःला बिचारा समजत होतो.

मी त्याला एवढंच म्हणालो, की त्या मित्राबद्दल बोलताना आवाज बदलतो कारण तो मेलाय. तुझ्याबद्दल बोलताना बदलू नये अशी माझी इच्छा आहे.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “हे बरं होतं. आधी का नाही बोललास?” आणि झोपला. त्याला असं मध्येच झोपता येतं. मला नाही येत. हेही वयाचंच असावं, किंवा नसेल.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. माझा उजवा कान आता कमी ऐकतो, त्यामुळे कॉलवर मी दोनदा ‘काय?’ म्हणतो आणि तिसऱ्यांदा नुसतं हसतो. त्याला माझं नुसतं हसणं ओळखता येतं आणि तो मुद्दाम काहीतरी भलतंच विचारतो. पायऱ्यांवरचा तो हाताचा मुलगा आता लग्न करतोय, एका मुलीशी. कोपऱ्यातला चौकोन मी अखेर लपवला. पहिले काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग एकदा लक्षात आलं की त्याच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. मी इतका खूश झालो की तो वैतागला.

परवा ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. घड्याळं मागे सरकली, माझा तास गेला. रात्री त्याचा फोन आला. करार दोन वर्षांनी वाढवून मिळतोय, २०२७ पर्यंत. त्याने सांगितलं आणि थांबला. या वेळी मी ‘घ्यायलाच हवं’ म्हणालो नाही. विचारलं, “तुला काय वाटतं?”

“मला तू काय म्हणतोस ते ऐकायचंय.”

“मला तू इकडे हवा आहेस,” मी म्हणालो. म्हणताना घसा कोरडा पडला. एवढं साधं वाक्य मी तीन वर्षांत कधी बोललो नव्हतो.

तो काहीच बोलला नाही. पडदा अडकला की काय, मला कळेना. मी वाट बघत राहिलो.

“हिशोब करतोयस,” तो म्हणाला.

“छे.”

“पंचावन्न होशील. ओठ हलतायत तुझे.”